एसएसडी बसवल्यावर गेम का बंद पडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी हार्ड डिस्क घरघरत होती, पण गेम निदान चालत तरी होता. नवी एसएसडी (फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी ड्राइव्ह) बसवली, संगणक चुटकीसरशी सुरू व्हायला लागला, आणि आता तोच गेम लोडिंग संपायच्या आत डेस्कटॉपवर आणून सोडतो. अशा वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची ही उत्तरं. सगळं विंडोजच्या संगणकाला धरून लिहिलं आहे.

दोष एसएसडीचाच ना? बदललं तर तेवढंच आहे.

तेवढंच बदललंय असं वाटतं, पण आठवून बघा. विंडोज नव्याने टाकलं किंवा क्लोन केलं, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढली. ड्राइव्हची अक्षरं बदलली असतील. ग्राफिक्स ड्रायव्हर नवा आला. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग-प्रोग्रॅममध्ये) एखादी सेटिंग हलली. कॅबिनेट उघडून आत हात घातला. एका संध्याकाळी पाच गोष्टी बदलल्या आणि नाव मात्र एसएसडीचं लागलं.

एसएसडीचं काम साठवलेले बाइट मागितल्यावर परत देणं, एवढंच. वाचताना काही बिघडलं असेल तर ती ते स्वतः तपासते, जमेल तितकं दुरुस्त करते, आणि नाहीच जमलं तर ‘वाचता आलं नाही’ असं सांगते. गुपचूप चुकीचा माल हातात ठेवण्याचे प्रसंग फार कमी. त्यामुळे खरोखर तिचा दोष असेल तर त्याची खूण बहुतेक वेळा विंडोजच्या नोंदींमध्ये सापडते.

सगळ्यात स्वस्त चाचणी अशी: जुनी डिस्क अजून जोडलेली असेल तर एकच गेम तिच्यावर नव्याने डाउनलोड करा आणि तिथून चालवा. एसएसडीवरचं फोल्डर उचलून तिकडे टाकू नका. फाइली आधीच खराब असतील तर त्या खराबच जातील आणि चाचणीला अर्थ उरणार नाही. जुन्या डिस्कवरूनही गेम तसाच पडला, तर दोष एसएसडीवरच्या गेमच्या फाइलींचा नाही हे सिद्ध झालं. मग वरच्या पाच गोष्टींकडे वळा.

‘क्रॅश’ म्हणजे नेमकं काय झालं, हे का महत्त्वाचं?

कारण प्रत्येक प्रकाराची वाट वेगळी आहे. गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसला आणि बाकी सगळं ठीक, तर संशय गेमच्या फाइली, ड्रायव्हर किंवा रॅमवर. निळा पडदा आला तर त्यावरचा शब्द टिपून ठेवा. त्यात ‘इनपेज एरर’ असेल तर डिस्कवरून काहीतरी वाचायचं होतं आणि वाचता आलं नाही. निळा पडदाही न येता संगणक झटक्यात रीस्टार्ट झाला, तर वीजपुरवठा, तापमान किंवा अतिवेगावर लावलेला प्रोसेसर बघा. आणि सगळं काही क्षण, कधी अर्धा-एक मिनिट गोठून पुन्हा चालू झालं, तर मात्र डिस्क, तिची केबल आणि तिची वीजबचत हे तिघे पहिले संशयित.

नोंदी कुठे पाहायच्या? इव्हेंट व्ह्यूअर उघडलं की लाल खुणांचा नुसता पाऊस दिसतो.

तो पाऊस धडधाकट संगणकातही असतो, त्याला घाबरू नका. आधी स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करून ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. तिथे दिवसवार पट्टी दिसते. एसएसडी बसवल्याच्या तारखेच्या आधी काय होतं आणि नंतर काय सुरू झालं, हे एका नजरेत कळतं. तक्रार आधीपासूनच होती आणि आपल्या लक्षात आत्ता आली, असंही इथे उघड होतं.

मग इव्हेंट व्ह्यूअर. ‘ॲप्लिकेशन’ विभागात क्रमांक १००० ची नोंद म्हणजे एखादा प्रोग्रॅम कोसळल्याची. तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’चं नाव आणि एक्सेप्शन कोड असतो. हा कोड बहुतेक वेळा (आधीचं ‘0x’ सोडलं तर) सी अक्षराने सुरू होतो, मध्ये शून्यांची रांग असते, आणि महत्त्व असतं शेवटच्या आकड्याला. शेवटी ५ असेल तर प्रोग्रॅमने मेमरीत नको तिथे हात घातला. याची कारणं शंभर असू शकतात. शेवटी ६ असेल तर मात्र डिस्कवरून हवं असलेलं पान मेमरीत आणताच आलं नाही. हा ६ दिसला की ड्राइव्हकडे बघायचं.

‘सिस्टम’ विभागात ‘डिस्क’ या नावाखाली ७, ११, ५१ किंवा १५३ आणि ‘स्टोरएएचसीआय’ किंवा ‘स्टोरएनव्हीएमई’खाली १२९ हे आकडे शोधा. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं, आणि १२९ म्हणजे उत्तर न आल्यामुळे विंडोजने ड्राइव्हला रीसेट केलं. गेम पडल्याची वेळ आणि या नोंदीची वेळ जुळली, तर एसएसडीवरचा संशय पक्का. जुळत नसेल तर तिच्यामागे लागण्यात वेळ घालवू नका. क्रमांक ४१ ची ‘कर्नल पॉवर’ नोंद फक्त एवढंच सांगते की संगणक नीट बंद न होता बंद पडला. का, ते ती सांगत नाही.

जुनी डिस्क एसएसडीवर क्लोन केली. विंडोज चालतं, पण काही गेम उघडतच नाहीत.

ड्राइव्हची अक्षरं तपासा. गेम आधी ‘डी’वर होते आणि आता तो विभाग ‘ई’ झाला असेल, तर लाँचर, शॉर्टकट आणि रजिस्ट्री (विंडोजची सेटिंगची वही) तिघेही जुन्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावत असतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर पूर्वीचं करून टाका. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

दुसरी गंमत अशी की संगणक अजून जुन्या डिस्कवरूनच सुरू होत असतो आणि आपण ‘एसएसडीने काही फरक पडला नाही’ म्हणत बसतो. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी, हे उत्तम.

क्लोन करताना जुन्या डिस्कवर वाचता न येणारे भाग असतील, तर काही सॉफ्टवेअर ते सोडून पुढे जातात. त्या जागी असलेली फाइल नव्या ड्राइव्हवर अर्धवट पोचते. एसएसडी कोरी करकरीत, पण तिच्यावरचा माल जुन्याच डिस्कचा, डागांसकट. म्हणून क्लोननंतर गेमच्या फाइली पडताळायच्याच, आणि विंडोजसाठी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएफसी स्कॅननाऊ’ (sfc /scannow) चालवायचं. माझं मत विचाराल तर मरणासन्न डिस्कचा क्लोन करूच नये. नव्याने विंडोज टाकावं आणि फक्त स्वतःच्या फाइली आणाव्यात.

विंडोज नव्याने टाकलं, गेमचं फोल्डर मात्र जुनंच आहे. आता ‘डीएलएल सापडली नाही’ असं येतं.

गेमचं फोल्डर आलं, पण त्याने एकेकाळी विंडोजमध्ये बसवलेले सोबती, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या डीएलएल फाइली, मागेच राहिल्या. ‘व्हीसीरनटाइम’ किंवा ‘एमएसव्हीसीपी’ने सुरू होणारं नाव असेल तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल टाका. ३२ बिट आणि ६४ बिट, दोन्ही. विंडोज ६४ बिटचं असलं तरी कित्येक गेम ३२ बिटचेच असतात. नाव ‘डी३डीएक्स९’ने सुरू होत असेल तर जून २०१० चं डायरेक्टएक्स एंड यूजर रनटाइम लागेल. विंडोजमध्ये नवं डायरेक्टएक्स असतं, पण ते या जुन्या फाइली घेऊन येत नाही. स्टीमवरच्या बऱ्याच गेमच्या फोल्डरमध्ये ‘कॉमनरीडिस्ट’ नावाचं उपफोल्डर असतं, हे सगळे इन्स्टॉलर त्यातच सापडतात.

एकेक डीएलएल फाइल कुठल्यातरी संकेतस्थळावरून उतरवून सिस्टम फोल्डरमध्ये टाकू नका. चुकीच्या बिटची फाइल पडली की ‘७बी’ने संपणारी वेगळीच त्रुटी सुरू होते, आणि काही वेळा फाइलीसोबत व्हायरसही येतो.

ग्राफिक्स ड्रायव्हरही तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ दिसत असेल तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही.

डिस्कवर मिळालेले फार जुने गेम असतील तर अजून एक अडचण आहे. त्यातल्या अनेकांना सेफडिस्क नावाचं कॉपी-संरक्षण होतं आणि २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने त्याचा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणाने वगळला. एसएसडीच्या निमित्ताने विंडोज ७ सोडून वर आलात, तर हे गेम त्यामुळे थांबले आहेत.

फाइली पडताळल्या, दुरुस्त केल्या, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा खराब निघतात.

इथे थोडं थांबून विचार करायला हवा, कारण इथेच सगळ्यात जास्त चांगल्या एसएसडी विनाकारण परत जातात.

आधी एक गैरसमज. स्टीममध्ये ‘व्हेरिफाय इंटेग्रिटी ऑफ गेम फाइल्स’ केल्यावर एखाददुसरी फाइल दर वेळी नापास होते. ती पुष्कळदा तुमच्या संगणकापुरती सेटिंगची फाइल असते. ते चालतं. पण दर वेळी डझनावारी फाइली, त्याही मोठ्या आकाराच्या, नापास होत असतील तर काहीतरी नासतंय.

डिस्कवर जाणारा प्रत्येक बाइट आधी रॅममधून जातो. रॅममध्ये एक बिट उलटला, तर एसएसडी तो उलटलेला बिट अगदी इमानेइतबारे लिहून ठेवते. तिच्या लेखी सगळं बरोबर असतं. जुन्या डिस्कवर वर्षानुवर्षं तेच विंडोज, तेच गेम पडून होते, फारसं काही नवीन लिहिलं जात नव्हतं. एसएसडी आल्यावर शेकडो गिगाबाइट एका दमात रॅममधून गेले आणि रॅमचा दडलेला दोष पहिल्यांदा बाहेर पडला.

ओळखायचं कसं? एकच मोठा गेम पाठोपाठ दोन-तीनदा पडताळा. दर वेळी निकाल वेगळा, किंवा दर वेळी वेगळीच फाइल नापास, तर रॅमकडे बोट. तीच फाइल त्याच जागी अडकते आणि सोबत ‘डिस्क’च्या नोंदी येतात, तर ड्राइव्हकडे. मग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करून रॅम तिच्या मूळ वेगावर आणा, आणि मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. एकही चूक चालत नाही. ‘फक्त दोनच आल्या’ हे उत्तर नाही. रॅम बदलली तरी आधी लिहिलेल्या फाइली खराबच राहतात, त्यामुळे गेम नव्याने उतरवावे लागतील.

तिसरी शक्यता बनावट ड्राइव्हची. फारच स्वस्तात भलतीच क्षमता मिळाली असेल तर लेबलवर २ टेराबाइट आणि आत चिप त्याच्या एका अंशाच्या, असं असू शकतं. खऱ्या क्षमतेपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि त्यापुढचं लिखाण हवेत विरतं. एच२टेस्टडब्ल्यू हे छोटं साधन मोकळी जागा भरून पुन्हा वाचून बघतं. बनावट माल त्यात लपत नाही.

‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असं येतं, पण ग्राफिक्स कार्डात मेमरी भरपूर आहे.

तुमचा प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप मॉडेल आहे का, ते आधी सांगा. या पिढ्यांमधल्या अनेक प्रोसेसरमध्ये जास्तीच्या व्होल्टेजमुळे झीज होऊन अस्थिरता यायची. अनरियल इंजिन या सॉफ्टवेअरवर बनलेल्या गेममध्ये शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना किंवा दाबून ठेवलेल्या फाइली उलगडताना तो प्रोसेसर चुकायचा आणि पडद्यावर मात्र मेमरी कमी पडल्याचा संदेश यायचा. इंटेलने २०२४ मध्ये दोष मान्य केला, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) पहिली मोठी दुरुस्ती आणि सप्टेंबरमध्ये पुढची दिली, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही दुरुस्ती बायोसच्या अपडेटमधून येते. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर तिने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

एसएसडीचा यात संबंध एवढाच की नव्याने गेम टाकले की शेडर पुन्हा बनतात आणि हजारो फाइली उलगडल्या जातात. कमकुवत प्रोसेसर नेमका तेव्हा उघडा पडतो.

एसएसडीचं आयुष्य वाचावं म्हणून पेजफाइल बंद केली. चूक झाली का?

हो. पेजफाइल म्हणजे रॅमला जोड देणारी डिस्कवरची फाइल. विंडोज प्रोग्रॅमला जी मेमरी कबूल करतं तिची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. बरेच गेम प्रत्यक्ष वापरतात त्याहून पुष्कळ जास्त मेमरी आरक्षित करतात. मर्यादा संपली की रॅम मोकळी दिसत असतानाही गेम पडतो. नोंदींत ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’ची २००४ क्रमांकाची नोंद सापडली तर हेच कारण. पेजफाइल पुन्हा ‘सिस्टम मॅनेज्ड’वर ठेवा, तीही एसएसडीवरच, आणि सी ड्राइव्हवर जागा मोकळी ठेवा. तिच्या लिखाणाने आजच्या एसएसडीचं काही बिघडत नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो ‘हेल्थ १०० टक्के’ दाखवतं. म्हणजे ड्राइव्ह निर्दोष?

निर्दोष असेलच असं नाही. तो टक्का मुख्यतः लेखनाने झालेली झीज सांगतो. साटा (केबलने जोडायची) ड्राइव्ह असेल तर ‘सीआरसी एरर काउंट’ बघा. तो वाढत असेल तर एसएसडी नव्हे, केबल बदला. हा आकडा कधी मागे जात नाही, म्हणून आज किती आहे ते लिहून ठेवा आणि केबल बदलल्यावर वाढतो का, एवढंच पाहा. एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या) ड्राइव्हमध्ये ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’ शून्य असायला हवं.

फर्मवेअर अपडेट खरंच लागतं का?

फर्मवेअर म्हणजे ड्राइव्हच्या आत असलेलं तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर. अपडेटची गरज बहुतेकांना जाणवत नाही, पण लागतं तेव्हा दुसरा इलाज नसतो. क्रुशियलच्या एम४ मालिकेत ५१८४ तास चालून झाल्यावर ड्राइव्ह दर तासाला प्रतिसाद देणं थांबवायची. म्हणजे सलग २१६ दिवस व्यवस्थित, आणि मग दर तासाला निळा पडदा. जानेवारी २०१२ मध्ये फर्मवेअर आलं आणि प्रश्न सुटला. अलीकडचं उदाहरण २०२४ च्या ऑक्टोबरचं. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या ड्राइव्हच्या २ टेराबाइट मॉडेलवर निळे पडदे यायला लागले. या ड्राइव्हना स्वतःची डीरॅम (कामापुरती मेमरी) नसते, त्या संगणकाच्या रॅममधला तुकडा उसना घेतात. नवं विंडोज पूर्वीपेक्षा मोठा तुकडा द्यायला लागलं आणि तो त्यांना झेपेना. इलाज फर्मवेअरचाच होता.

निर्मात्याचं स्वतःचं साधन वापरा आणि आधी बॅकअप घ्या.

एम.२ स्लॉटमध्ये काही खास बघायचं असतं का?

मदरबोर्डचं मॅन्युअल. काही बोर्डांवर ठरावीक एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बसवायची खाच) भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, आणि काहींवर ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेन (डेटाच्या वाटा) ८ वर येतात. जुनी गेमची डिस्क ‘अचानक नाहीशी’ झाली असेल तर हे आधी बघा. जेन ४ (पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीची) ड्राइव्ह बसवल्यापासून नोंदींत ‘डब्ल्यूएचईए लॉगर’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, ओळी वाढल्या असतील, तर बायोसमध्ये तो स्लॉट तात्पुरता जेन ३ वर लावून पाहा. गेममध्ये फरक जाणवणार नाही. तेवढ्याने क्रॅश थांबले, तर सिग्नल डळमळतोय हे कळलं. ड्राइव्ह काढून नीट बसवा, स्क्रू घट्ट करा, बायोस अद्ययावत करा.

एनव्हीएमई तापली की आधी स्वतःचा वेग कमी करते. त्याने गेम अडखळतो, सहसा पडत नाही. हीटसिंकवरचा प्लास्टिकचा कागद काढला होता ना?

गेम काही क्षण गोठतो आणि मग चालू होतो. ड्राइव्ह चांगली आहे.

पॉवर ऑप्शन्समध्ये ‘पीसीआय एक्सप्रेस’खाली ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करून पाहा. काही ड्राइव्ह झोपेतून उठायला वेळ लावतात आणि विंडोज तेवढा धीर धरत नाही. यूएसबीवरच्या बाहेरच्या एसएसडीवर गेम असतील तर आधी केबल बदला, हबमधून न जोडता थेट मागच्या पोर्टला जोडा.

फक्त अडखळतो, पडत नाही. एसएसडीवर तर गेम झपाट्याने चालायला हवा ना?

लोडिंग झपाट्याने होतं. फ्रेम वाढत नाहीत. नव्याने टाकलेला गेम पहिल्या तास-दोन तासांत शेडर बनवत असतो, त्यामुळे तो अडखळतो. ड्राइव्ह काठोकाठ भरली असेल तर थोडी रिकामी करा. डीफ्रॅग मात्र करू नका. विंडोजचं ‘ऑप्टिमाइझ’ एसएसडी ओळखून ट्रिम चालवतं, म्हणजे कुठली जागा मोकळी झाली ते तिला कळवतं, तेवढं पुरे.

ऑनलाइन गेम म्हणतो, ‘सिक्युअर बूट’ चालू करा. आधी असं म्हणत नव्हता.

बहुधा विंडोज ११ वर आलात म्हणून. सिक्युअर बूट म्हणजे संगणक सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय. उदाहरणार्थ, व्हॅलोरंट या गेमचं अँटीचीट (फसवणूक रोखणारा प्रोग्रॅम) तिथे सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मागतं. जुनी डिस्क एमबीआर या विभागणीच्या जुन्या पद्धतीची असेल तर तिचा क्लोनही एमबीआरच होतो, आणि त्यावर सिक्युअर बूट चालत नाही. विंडोजमधलंच ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन ती जीपीटी या नव्या पद्धतीत बदलून देतं. त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय (संगणक सुरू करायची नवी पद्धत) लावायचं. क्रम उलटा केलात तर विंडोज सुरूच होणार नाही.

सेव्ह केलेले खेळ गेले.

बहुधा जुन्या डिस्कवरच आहेत. ‘डॉक्युमेंट्स’मधलं ‘माय गेम्स’, ‘सेव्ह्ड गेम्स’ आणि लपलेलं ‘ॲपडेटा’ फोल्डर, तिन्ही बघा. नव्या विंडोजमध्ये वनड्राइव्हने ‘डॉक्युमेंट्स’ स्वतःकडे घेतलं असेल तर काही गेमना तिथे लिहिताच येत नाही आणि ते सुरुवातीलाच पडतात. त्या फोल्डरचा वनड्राइव्ह बॅकअप बंद करून पाहा.

सगळं करून झालं. सॉफ्टवेअरमध्ये काहीच सापडत नाही.

मग कॅबिनेट उघडा. मी स्वतः एकदा दोन संध्याकाळी विंडोज टाकण्यात घालवल्या. एसएसडीची केबल मागून ओढताना ग्राफिक्स कार्डाचा पॉवर कनेक्टर अर्धवट निघाला होता. डेस्कटॉपवर सगळं ठीक, जड दृश्य आलं की पडदा काळा. बोटाने दाबल्यावर ‘टक’ असा आवाज आला आणि तक्रार संपली. रॅमच्या कांड्या, कार्ड, प्रत्येक कनेक्टर एकदा दाबून बघायला पाच मिनिटं लागतात. ती मी आता सगळ्यात आधी देतो.

एसएसडी परत कधी करायची?

क्रॅशच्या वेळेशी जुळणाऱ्या ७ किंवा १२९ च्या नोंदी असतील, केबल किंवा स्लॉट बदलूनही त्या येत असतील, आणि रॅम मेमटेस्टमध्ये पास असेल, तेव्हा. शक्य असल्यास दुसऱ्या संगणकात लावून तेच घडतं का बघा. नोंदींचे आणि क्रिस्टलडिस्कइन्फोचे स्क्रीनशॉट सोबत द्या. ‘गेम पडतो’ एवढ्यावर वॉरंटीचा दावा रेंगाळतो. ड्राइव्ह पाठवण्याआधी त्यावरचा सगळा मजकूर काढून घ्या आणि ती पुसून टाका. बदलून आलेली बहुधा दुसरीच असते. तोवर जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करू नका.